बिऱ्हाडाला जागा मिळेल का?

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता एका घरगुती कामासाठी आम्हांस गोव्यातील डिचोली तालुक्यात जावे लागले. साखळीहून निघालेली बस पाळी गावात थांबली तेव्हा उन्हे कलली होती आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर तांबूस धूळ साचली होती. आमच्याबरोबर एक तरुण जोडपेही उतरले. नवऱ्याच्या खांद्यावर कपड्यांचे बोचके, हातात स्टोव्ह बांधलेली पिशवी. बायकोच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल. आपणांस कोठे जायचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, हे त्यांच्या उभे राहण्यावरूनच कळत होते.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या वृद्ध आजींच्या दिवंगत यजमानांचा आणि आमचा जुना स्नेह. अंगणात तुळशीवृंदावन, पुढे पडवी आणि घराच्या मागल्या अंगास एका रांगेत तीन खोल्या. तिन्ही खोल्यांना कुलपे. आजींनी तुळशीपुढे दिवा लावला आणि त्या आत वळणार, तोच तेच जोडपे फाटकाशी येऊन उभे राहिले.

“मावशी, एखादी खोली भाड्याने मिळेल का?”

“नाही रे बाबा. आम्ही खोल्या द्यायचे केव्हाच बंद केले.”

“मागे तर तीन खोल्या बंद दिसतात, मावशी. दुकानदाराने तुमचेच नाव सांगितले.”

“बंद आहेत त्या बंदच बऱ्या. पुढे विचार.”

तरुणाने हुज्जत घातली नाही. तो बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला. जवळच्या उसगाव परिसरात एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणारा. आजवर तो आणखी तिघांसह एका खोलीत राहत असे. आता बायको-मूल आले, तेव्हा ती व्यवस्था चालणार नव्हती. आजींनी त्या मुलाच्या हातात केळे ठेवले, पाण्याचा तांब्या दिला. परंतु किल्ली काही दिली नाही. ती तीन माणसे अंधारात पुढल्या घराकडे निघून गेली.

वाचकहो, आजी कठोर नव्हेत. तथापि त्यांच्या अंगणात त्या संध्याकाळी जे घडले ते तुमच्या-आमच्या गावांतही रोज घडत आहे. एकीकडे कुलूप लावलेली खोली आणि दुसरीकडे खोलीच्या शोधात हिंडणारे कुटुंब! मध्ये अंतर केवळ दहा पावलांचे. पण ती दहा पावले का चालवत नाहीत, याचा विचार आज आपण करू या.

खाणीबरोबर आलेली बिऱ्हाडे

पाळी हे गाव मोठे चमत्कारिक आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या यादीत त्याची नोंद शहर म्हणून झालेली. असे होण्याचे कारण सोपे आहे. एखाद्या गावाची वस्ती निदान ५,००० असली, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे राहत असली आणि कामकरी पुरुषांपैकी शेकडा ७५ जण शेतीबाहेरच्या धंद्यात असले, म्हणजे जनगणना त्याला शहर मानते. मग तेथे नगरपालिका असो वा नसो. पाळीला शेतीबाहेर काढले ते लोहखनिजाने. गेल्या शतकाच्या मध्यास डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणी वाढल्या. डोंगर फोडून काढलेले खनिज ट्रकांतून नदीच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जांनी मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. खाणीबरोबर चालक आले, यंत्र दुरुस्त करणारे आले, मजूर आले. माणूस आला म्हणजे त्याला डोके टेकण्यास जागा लागते. आजींच्या यजमानांनी आपल्या परसातील तीन खोल्या बांधल्या त्या याच दिवसांत.

आजी सांगत होत्या, “एक खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत दुसरे बिऱ्हाड हजर. दोघा मुलांच्या शाळेचा खर्च त्या खोल्यांनी केला.”

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले. पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये ती बंदी उठली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. या निकालांमागे सबळ कारणे होती. शेतांत उतरलेला चिखल आणि आटलेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या त्यांना ती निराळी सांगावयास नकोत. पण ज्या घरांची चूल त्या धंद्यावर पेटत होती, त्यांच्यावर आकाश कोसळले. ट्रक दारात उभे राहिले. भाडेकरू आपापल्या गावी गेले. आजींच्या शेवटच्या बिऱ्हाडाने तीन महिन्यांचे भाडे आणि विजेचे देणे मागे ठेवून एका पहाटे गाव सोडले. त्या दिवशी कुलूप लागले ते लागलेच.

आता दिवस पुन्हा पालटत आहेत. खाणपट्ट्यांचा लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीच्या भागात खाणकामाला पुन्हा आरंभ झाला. उत्तरेस पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. पिसुर्ले, डिचोली, तुये येथील औद्योगिक वसाहतींत कामकऱ्यांची ये-जा आहेच. काम आले, कामाबरोबर माणसेही आली. खोल्यांचे काय?

महिन्याचा हिशेब

खोली कोणास हवी असते? आपण समजतो तसे ते केवळ परप्रांतीय मजुराचे दुखणे नाही. इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, नव्याने नेमणूक झालेला शिक्षक, दुकानातील कारकून, सासर तुटल्यामुळे मुलासह वेगळी राहू पाहणारी स्त्री, म्हातारपणी मुलाजवळ पण त्याच्या घरात अडचण न करता राहू इच्छिणारे आईबाप, या सर्वांना एक खोली, एक चूल आणि एक न्हाणी हवी असते. विकत घर घेण्याची त्यांची ऐपत नसते, आणि पुष्कळांना त्याची गरजही नसते. आज येथे तर उद्या तेथे काम करणाऱ्याने कर्ज काढून घर घेतले, तर ते घर त्याच्या पायातील बेडी होते.

हिशेब करून पाहू. भाड्यापायी मिळकतीच्या शेकडा ३० हून अधिक रक्कम जाऊ नये, असे सामान्यतः मानले जाते. महिना १५,००० रुपये मिळविणाऱ्यास ही मर्यादा ४,५०० रुपयांची झाली. समजा, त्याला ४,००० रुपये भाड्याची खोली मिळाली. भाडे परवडले, पण आत शिरताना काय द्यावे लागते पाहा. तीन महिन्यांची अनामत म्हणजे १२,०००, दलालास एका महिन्याचे ४,००० आणि पहिल्या महिन्याचे भाडे ४,०००. एकूण २०,००० रुपये, म्हणजे त्याच्या पूर्ण महिन्याच्या पगाराहून ५,००० अधिक! ज्याला दरमहाचे भाडे पेलते त्यालाही हा उंबरठा ओलांडवत नाही. मग तो सावकाराकडे जातो, किंवा चौघांच्या खोलीत पाचवा होऊन राहतो. आम्ही स्वतः संसाराच्या पहिल्या दहा वर्षांत पाच बिऱ्हाडे बदलली आहेत, आणि प्रत्येक वेळी भाड्यापेक्षा या अनामतीनेच आमच्या घरच्या माउलीच्या हातातील बांगड्या उतरविल्या.

समुद्रकाठच्या गावांत आणखी एक अडचण आहे. पेडण्यातील हरमल, मोरजी यांसारख्या ठिकाणी पर्यटक रात्रीच्या हिशेबाने पैसे मोजतो. मग तीच खोली महिन्याच्या भाड्याने कामकऱ्यास कोण देणार? पाळीसारख्या आतल्या गावात पर्यटक येत नाही. येथे खोल्या रिकाम्या राहतात त्या लोभापायी नव्हे, भीतीपायी.

भीती कशाची?

आजींच्या भीतीचे नाव एकाच शब्दात सांगता येईल: मुंडकार.

गोव्याबाहेरील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण केले पाहिजे. गोव्यात जमीनमालकास भाटकार म्हणतात. त्याच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. तो नारळीची राखण करी, भाटकाराच्या हाकेला ओ देई. पण मर्जी फिरली की त्याला बायकामुलांसह घर सोडावे लागे. हा अन्याय दूर करण्यासाठी १९७५ साली मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. मुंडकारास आपले घर आणि पंचायत क्षेत्रात त्याखालची व भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंतची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. हजारो गरीब कुटुंबांच्या पायाखालची भूमी त्यामुळे स्थिर झाली. कायदा न्याय्य होता, याविषयी आमच्या मनात किंतु नाही.

परंतु प्रत्येक चांगल्या कायद्याची एक सावली पडते. ‘ज्याला घरात घेतले तो उद्या घराचा मालक होतो’ अशी समजूत या कायद्यामागून गावोगाव पसरली. आजींचा थोरला मुलगा पणजीला असतो, तोही दूरध्वनीवरून हेच बजावतो: “आई, कोणाला आत घेऊ नकोस. मुंडकार होऊन बसेल.”

दुसऱ्या दिवशी डिचोलीत आमच्या परिचयातील एका वकिलांकडे आम्ही हा प्रश्न नेला. ते हसले आणि म्हणाले, “कायदा वाचतो कोण? मुंडकार म्हणजे कोण याच्या व्याख्येतच म्हटले आहे की, घरात राहण्याबद्दल जो भाटकारास भाडे देतो तो मुंडकार नव्हे. घराची राखण करण्यासाठी ठेवलेला माणूसही मुंडकार नव्हे. लोक उलटेच करतात. भाड्याची पावती दिली तर आपण अडकू या भीतीने पावती देत नाहीत, करार करीत नाहीत. आणि पुढे वाद झाला म्हणजे तो माणूस भाडेकरू होता हे दाखविण्यास त्यांच्याजवळ चिठोराही नसतो. पावती ही मालकाची ढाल आहे.”

अर्थात भाडेकरूलाही कायद्याचे संरक्षण आहेच, आणि ते असावे. गोव्यात १९६८ सालचा इमारतींविषयीचा भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडे थकविणे, मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकास स्वतःसाठी जागेची गरज पडणे अशा ठराविक कारणांवाचून भाडेकरूस बाहेर काढता येत नाही, आणि कारण असले तरी रीतसर अर्ज करावा लागतो. अशा वादांना वेळ लागतो, हे खरे. त्यामुळे आजींची भीती अगदीच निराधार नव्हती. पण वेळ लागणे निराळे आणि घर जाणे निराळे. पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्याची भीती भाड्याच्या खोलीपुरती तरी अनाठायी आहे.

दोन याद्यांच्या मधला माणूस

सरकार याबाबत काय करते, असे कोणी विचारील. स्वतंत्र भारतात घरांच्या योजना पुष्कळ झाल्या. परंतु त्यांतील बहुतेकांचा रोख माणसाला घराचा मालक करण्याकडे राहिला. गोव्याच्या गृहनिर्माण मंडळाने पर्वरी, मडगाव इत्यादी ठिकाणी वसाहती उभारल्या, त्यांचा मोठा लाभ हप्ते भरू शकणाऱ्यांना झाला. भाड्याने राहणाऱ्याचा विचार देशाने गंभीरपणे केला तो एका आपत्तीनंतर. मार्च २०२० मध्ये साथीमुळे टाळेबंदी झाली आणि लक्षावधी कामकरी पायी आपल्या गावांकडे निघाले. शहरात त्यांना भाडे भरवत नव्हते हे त्याचे एक मोठे कारण होते. त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून भाड्याने द्यावीत, किंवा कारखानदार व संस्थांनी स्वतःच्या मोकळ्या जागेवर अशी घरे बांधून २५ वर्षे चालवावीत, असे तिचे दोन मार्ग आहेत. चंडीगड, सुरत अशा शहरांत रिकामी घरे या मार्गाने भाड्यास गेली.

पण योजना मुख्यत्वे रीतसर नगरपालिका असलेल्या शहरांसाठी आणि अधिसूचित नियोजन क्षेत्रांसाठी. शिवाय एका संकुलात निदान ४० घरे असावीत अशी अट. ग्रामीण भागासाठी निराळी योजना आहे, २०१६ पासूनची. तीत सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे साहाय्य मिळते, पण ते स्वतःचे घर बांधणाऱ्यास. आता पाळीचा विचार करा. जनगणनेत शहर, कारभारात खेडे. शहराच्या यादीत शोधावे तर नगरपालिका नाही. खेड्याच्या यादीत शोधावे तर भाडेकरूसाठी रकाना नाही. खानापूरचा तो तरुण दोन याद्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत उभा आहे.

आणि दुसरीकडे रिकामी घरे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत एकट्या गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली. दर पाच घरांमागे एकाहून अधिक. ती सर्वच भाड्याने देण्याजोगी नसतील. कित्येकांचे वासे कोसळले असतील, कित्येकांचे दहा वारस दहा देशांत असतील. तरीसुद्धा नवी संकुले बांधण्यापूर्वी जुन्या कुलपांकडे पाहावे, असे कोणासही वाटेल.

पूर्वजांनी काय केले?

हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्याच लोकांनी तो एकदा आपल्या परीने सोडविला होता. गोव्याहून मुंबईस पोटासाठी गेलेले खलाशी, आचारी, वाजंत्री, शिंपी यांना त्या महानगरात कोण जागा देणार? तेव्हा गावागावांच्या लोकांनी वर्गणी काढून धोबी तलाव, माझगाव या भागांत जागा घेतल्या आणि तेथे ‘कूड’ स्थापन केले. कूड म्हणजे खोली. एका गावचे एक कूड. भिंतीशी ओळीने पेट्या, रात्री जमिनीवर पथारी, एका बाजूस गावच्या पालक संताची वेदी. जहाजावरून उतरलेल्या खलाशाने दुसरे जहाज मिळेपर्यंत तेथे राहावे, मासिक वर्गणी भरावी, संध्याकाळच्या जपमाळेला हजर असावे आणि मद्य पिऊन दंगा करू नये, असे तेथील साधे नियम. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजोबा अशाच एखाद्या कुडात राहून घरी मनिऑर्डर पाठवीत असतील. धोबी तलावाच्या जेर महालातील कुडे आजच्या पिढीनेही पाहिली आहेत. त्यांत सुख फारसे नव्हते आणि कुटुंबास तर थाराच नव्हता. परंतु अपरिचित शहरात गावच्या माणसास दार उघडे होते.

युरोपात जर्मनीमधील आउग्सबुर्ग येथे याकोब फुगर नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ साली गरीब श्रमिकांसाठी धर्मादाय वस्ती स्थापिली. फुगराय या नावाची ती वस्ती पाचशे वर्षांनंतर आजही नांदते आहे. ६७ घरे, त्यांत १४० बिऱ्हाडे. वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन ठरले होते. ते आजच्या नाण्यात अवघे ८८ सेंट होते, आणि तेवढेच घेतले जाते. राहणारा गरजू, त्या नगरचा आणि कॅथलिक असावा व त्याने दररोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, हा दात्याचा करार. १९४४ साली बाँबवर्षावात वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तो पुन्हा बांधला. हे चालते कसे? भाड्यावर नव्हे, दात्याने मागे ठेवलेल्या संस्थेच्या उत्पन्नावर, त्यातही मुख्यतः जंगलांच्या उत्पन्नावर छपरांची दुरुस्ती होते.

याउलट मुंबईचे उदाहरण पाहा. तेथे भाडेकरूंच्या रक्षणासाठी १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा झाला. हेतू चांगला, पण भाडी जवळजवळ गोठली आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. मालकाने हात आखडला, भिंतींना तडे गेले, आणि १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी निराळे मंडळ स्थापावे लागले. यातून एकच बोध घ्यावयाचा. भाडे इतके असावे की गरिबास भरता यावे. आणि ते इतके तरी असावे की पावसाळ्यापूर्वी कौले शाकारता यावीत. फुगरची जंगले आजींपाशी नाहीत. त्यांचे छप्पर भाड्यातूनच शाकारले जाणार.

किल्ली फिरविण्यापूर्वी

त्या रात्री पेज घेता घेता आम्ही आजींबरोबर कागद घेऊन बसलो. समजा, एका खोलीचे छप्पर, जमीन आणि न्हाणी नीट करण्यास ६०,००० रुपये लागले आणि भाडे ३,००० ठेवले. वर्षाचे ३६,००० झाले. त्यांतून दोन महिन्यांचे भाडे घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि खोली रिकामी राहण्याच्या दिवसांसाठी बाजूला काढले, तर ३०,००० उरले. दोन वर्षांत खर्च वसूल; पुढे औषधपाण्याची सोय. कुलूप लावलेली खोली मात्र एक पैसाही देत नाही, आणि वाळवी तिला फुकट खाते.

ज्यांच्या घरी अशी खोली आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, करार लेखी असावा. लोक तो बहुधा अकरा महिन्यांचा करतात. कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. मुदत कोणतीही ठेवा, पण एखाद्या वकिलास शंभर प्रश्न विचारून, दोघांनाही समजेल अशा भाषेत लिहा. भाडे किती, कोणत्या तारखेस, वीज-पाण्याचे पैसे कसे, सोडताना किती दिवसांची सूचना, हे सारे त्यात यावे.

दुसरी, अनामत माफक असावी. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे सुचविले आहे. जेथे तो कायदा लागू नसेल तेथेही ही मर्यादा पाळण्यास कोणाची हरकत आहे? गरिबाची अनामत हप्त्याने घेतली तर आणखी उत्तम.

तिसरी, दरमहा पावती द्यावी आणि घ्यावी. विजेचा मीटर निराळा बसवावा. मालक-भाडेकरूंचे निम्मे भांडण तेथेच मिटते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची रीत आहे, तीही पाळावी; प्रामाणिक माणसास तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट भाडेकरूसाठी. भाडे हे मालकाचे उपकार फेडणे नव्हे, तसेच ते बुडविण्याजोगे कर्जही नव्हे. काम सुटले, दुखणे आले, तर तोंड लपवू नका. आधी जाऊन सांगा. आजींच्या जुन्या बिऱ्हाडाने पहाटे पळून जाण्याऐवजी रात्री येऊन अडचण सांगितली असती, तर ती कुलपे कदाचित लागलीच नसती. एकाने बुडविलेल्या तीन महिन्यांच्या भाड्याची शिक्षा पुढल्या कित्येक कुटुंबांनी भोगली.

पंचायत आणि धर्मग्राम यांनाही येथे काम आहे. गावातील रिकाम्या खोल्या आणि जागा शोधणारी माणसे यांची एक वही कोणी विश्वासू मनुष्याने ठेवली, तर दलालाचे ४,००० रुपये वाचतील. नव्या माणसाची ओळख पटविणारा जामीनदार हवा असतो. पतसंस्था अनामतीपुरते छोटे कर्ज देऊ शकते. यासाठी इमारत बांधावी लागत नाही.

नाताळच्या आठवड्यात

नाताळच्या आठवड्यात नेवऱ्यांचा डबा घेऊन आम्ही पुन्हा पाळीस गेलो. फाटकातून शिरताच परसातील दोरीवर वाळत घातलेले लहान मुलाचे अंगडे दिसले. तीन खोल्यांपैकी एकीचे दार उघडे होते.

“तोच का तो खानापूरचा?” आम्ही विचारले.

“तो कुठला? तो त्या रात्री गेला तो गेला. कुठे जागा मिळाली की नाही, देवास ठाऊक,” आजी खाली पाहत म्हणाल्या. “हा दुसरा. कोठंबीच्या दुकानात काम करतो. कागद केला, बाबा. वकिलाने सांगितला तसाच. मुलानेही वाचून पाहिला.”

सारे गोड चालले होते असे नाही. गणपतीच्या महिन्यात भाड्याला वीस दिवस उशीर झाला. विजेच्या आकड्यावरून एकदा आवाज चढले. परंतु तो मनुष्य उशीर होणार हे आधी येऊन सांगून गेला होता, आणि आजींनी ती तारीख पावतीच्या मागे लिहून ठेवली होती. पावसात आजींना ताप भरला तेव्हा साखळीच्या दवाखान्यात त्यांना नेले ते त्याच्याच बायकोने. दुसऱ्या खोलीचे छप्पर शाकारण्यासाठी आजी पैसे जमवीत होत्या. तिसरीचे कुलूप अजून तसेच होते.

परतीच्या वाटेवर आमच्या मनात मात्र तो खानापूरचा तरुण, त्याच्या बायकोच्या कडेवरचे ते मूल आणि हातातले अर्धे सोललेले केळे हेच राहिले. प्रत्येक नाताळात आपण गवत अंथरून गोठा सजवितो आणि बेथलेहेमात एका कुटुंबास जागा मिळाली नाही म्हणून हळहळतो. त्या गावातील घरमालकांपाशीही काही ना काही कारण असेल. कदाचित आजींच्या कारणाइतकेच सबळ. आपल्या परसात एखादी बंद खोली असेल, तर या सुट्टीत ती एकदा उघडून पाहावी. छप्पर कोठे गळते ते तपासावे, कागद कसा करावयाचा ते विचारावे. उद्या संध्याकाळी फाटकाशी कोणी उभे राहिले, तर निदान आपले उत्तर तयार असावे.